द्रोणाचार्यांच्या मनात काय होते?

सुरत-धुळे महामार्गावरील विसरवाडी हे नवापूर तालुक्यातील गाव. आसपासच्या पाड्यांवरून मावची, भिल्ल, कोकणा या समाजांतील मुले-मुली येथे शिक्षणासाठी येतात. गेल्या पावसाळ्यात पदवीच्या वर्गाला श्रम आणि कौशल्य हा भाग शिकवीत असता, कारागिराचे भांडवल त्याच्या हातातच असते, हे पटवून देण्यासाठी मी सहज एकलव्याच्या अंगठ्याचा दाखला दिला आणि अर्थशास्त्राचा तास तेथेच संपला.

मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, द्रोणाचार्यांनी अंगठा मुद्दामच मागितला. अंगठ्याशिवाय बाण सोडण्याची वरची विद्या त्यांना एकलव्याला द्यायची होती. अर्जुनादेखत ती उघडपणे देता येत नव्हती." दुसऱ्याने ते खोडून काढले. त्याच्या मते द्रोणांना हस्तिनापूर वाचवायचे होते, कारण एकलव्य पुढे शत्रूला मिळणार हे त्यांनी ओळखले होते. तिसऱ्याचे म्हणणे असे की, अंगठा घेऊन गुरूने शिष्याला अर्जुनापेक्षाही मोठी कीर्ती दिली. अखेरीस एका मुलीने विचारले, "सर, शिकवलेच नव्हते, तर दक्षिणा कसली?" घंटा झाली आणि माझी सुटका झाली. प्रश्न मात्र सुटला नाही.

हे तर्क त्या मुलांनी स्वतः रचलेले नव्हते. ते आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून घरोघर फिरत आहेत. खलपात्राच्या, त्यातही खलपक्षाच्या गुरूच्या, मनातील गुप्त हेतू शोधून काढणे हा रसिकांचा आवडता उद्योग आहे आणि तो काही आजचा नव्हे. शकुनीचेच पाहा. गांधारराजाला पुत्रांसह कौरवांनी बंदिवासात टाकले, तेथे सर्वांनी आपापल्या वाट्याचे अन्न एकट्या शकुनीला देऊन त्याला जगविले, मेलेल्या पित्याच्या अस्थींचे त्याने फासे केले आणि दुर्योधनाचा हितचिंतक म्हणवीत कुरुकुलाचा नाश घडवून सूड उगविला, ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असते. ती व्यासांच्या महाभारतात नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्णत्वास नेलेली चिकित्सक आवृत्ती उघडली, तर शकुनी हा भाच्याच्या उत्कर्षासाठी कपट करणारा मामा म्हणूनच भेटतो. लोकांना तेवढ्याने समाधान झाले नाही. एवढे मोठे पाप करणाऱ्याजवळ तेवढेच मोठे कारण असले पाहिजे असे त्यांना वाटले आणि त्यांनी ते पुरविले.

मराठी वाचकाला ही रीत परकी नाही. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने १९६७ साली आणि रणजित देसाईंच्या 'राधेय'ने पुढे काही वर्षांत कर्णाला आपल्या घरातला माणूस करून टाकले. १९८८ साली सुरू झालेल्या दूरदर्शन मालिकेने तर महाभारतातील पात्रांच्या मनांची चर्चा चावडीवर आणून बसविली. कवीने मोकळ्या सोडलेल्या जागा रसिकाने भराव्यात, याला कोणाची हरकत असणार? प्रश्न एवढाच की, जेथे कवीने जागा मोकळी सोडलेलीच नाही, तेथेही आपण का भरतो?

द्रोणांच्या बाबतीत आदिपर्व विलक्षण स्पष्ट आहे. निषादराज हिरण्यधनूचा पुत्र एकलव्य धनुर्विद्या शिकण्यासाठी आला असता, तो निषादपुत्र आहे हे जाणून आणि आपल्या कुरुशिष्यांकडे पाहून द्रोणांनी त्याला नाकारले. एकलव्याने अरण्यात त्यांची मातीची मूर्ती केली आणि अभ्यास चालविला. पुढे भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात त्याने सात बाण मारलेले पांडवांनी पाहिले. अर्जुनाने एकांतात गुरूंना त्यांच्या वचनाची आठवण दिली. तुझ्यापेक्षा श्रेष्ठ असा माझा शिष्य होणार नाही, असे तुम्ही म्हणाला होता, मग हा कोण? द्रोणांनी क्षणभर विचार केला, अर्जुनाला बरोबर घेतले आणि अरण्यात जाऊन उजव्या हाताचा अंगठा मागितला. तू माझा शिष्य असशील तर दक्षिणा दे, असा तो युक्तिवाद होता. त्या मागणीला व्यासांनी दारुण हेच विशेषण लावले आहे.

आता वर्गातील तर्क या कसोटीवर घासून पाहू. बोटांनी बाण सोडण्याची गुप्त विद्या देण्याचा तर्क वरवर आकर्षक आहे. आजच्या ऑलिंपिक स्पर्धांतील धनुर्धर तर्जनी, मध्यमा व अनामिका या बोटांनीच प्रत्यंचा ओढतात, हे खरे. अंगठ्याने प्रत्यंचा ओढण्याची पद्धत मंगोल, तुर्क इत्यादी लोकांत होती, हेही खरे. भिल्ल धनुर्धर एकलव्याच्या स्मरणार्थ अंगठा वापरीत नाहीत, असे आपल्या भागात अभिमानाने सांगितले जाते. तो अभिमान रास्त आहे, पण त्याचे श्रेय द्रोणांच्या पदरात घालता येत नाही. कारण त्याच प्रसंगाच्या शेवटी आदिपर्व सांगते की, एकलव्य यानंतर बोटांनी बाण सोडू लागला आणि त्याचा पूर्वीचा वेग राहिला नाही. अर्जुनाच्या जिवाची तळमळ मात्र शमली.

राज्यरक्षणाच्या तर्काला थोडा आधार आहे. द्रोणपर्वात श्रीकृष्ण जरासंध आणि शिशुपाल यांच्याबरोबर एकलव्याचे नाव घेतो. हे जिवंत असते तर दुर्योधनाला मिळाले असते, असे तो अर्जुनाला सांगतो. पण अंगठा मागितला गेला त्या दिवशी दुर्योधन हा हस्तिनापूरचाच राजपुत्र आणि द्रोणांचाच शिष्य होता. जो पुढे त्याच्या बाजूला जाईल, तो हस्तिनापूरचा शत्रू कसा? शिवाय त्याच ठिकाणी श्रीकृष्णाने हेतूही सांगून टाकला आहे. द्रोणांनी आचार्यपणाचे निमित्त करून, कपटाने, तो अंगठा काढून घेतला आणि तो अर्जुनाच्या हितासाठी घेतला. याहून उघड कबुलीजबाब कोणता हवा?

द्रोणांच्या मनात गुप्त हेतू नव्हता असे नाही. होता, पण तो वेगळा होता. राजपुत्रांना हाती घेतले त्या पहिल्याच दिवशी, माझ्या मनात एक इच्छा आहे, अस्त्रविद्या शिकल्यावर ती पुरी कराल काय, असे त्यांनी विचारले होते. कौरव गप्प राहिले, अर्जुनाने होकार दिला आणि द्रोणांनी त्याला पोटाशी धरून अश्रू ढाळले. ती इच्छा द्रुपदाच्या पाडावाची होती. बालमित्र द्रुपदाने दरिद्री ब्राह्मणाचा दरबारात अपमान केला होता. घरी दुधासाठी रडणाऱ्या अश्वत्थाम्याला इतर मुलांनी पिठाचे पाणी दूध म्हणून पाजले होते आणि ते पोर आनंदाने नाचले होते. तो प्रसंग द्रोण कधी विसरले नाहीत. भीष्मांनी त्यांना घर दिले, धनधान्य दिले. अर्जुन हे त्या अपमानाच्या परतफेडीचे साधन होते. अर्थशास्त्राच्या भाषेत, द्रोणांची सारी गुंतवणूक एका शिष्यात होती आणि अरण्यातला तो निषादपुत्र त्या गुंतवणुकीचे मोल उतरवीत होता.

यात राक्षसी असे काय आहे? दारिद्र्य, अपमान, आश्रयदात्याचे मिंधेपण आणि दिलेला शब्द. युद्धाच्या आरंभी युधिष्ठिर आशीर्वाद मागायला आला असता स्वतः द्रोणांनी, माणूस अर्थाचा दास असतो आणि कौरवांनी मला अर्थाने बांधून घेतले आहे, असे त्याला सांगितले. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये द्रोण आणि अश्वत्थामा या बापलेकांना स्वधर्म सोडल्याबद्दल जाब विचारला आहे. माझा प्रश्न त्याहून साधा आहे. याच द्रोणांनी पुढे द्रुपदाच्या मुलाला, धृष्टद्युम्नाला, घरी आणून अस्त्रविद्या शिकविली. हा आपला वध करण्यासाठी जन्मला आहे हे माहीत असता शिकविली. दैव टळत नाही आणि आपली कीर्ती राखली पाहिजे, असा विचार त्यामागे होता. युद्धाच्या पंधराव्या दिवशी त्यानेच त्यांचा शिरच्छेद केला. म्हणजे जो मारणार त्याला विद्या मिळाली, आणि ज्याने मातीच्या मूर्तीला गुरू मानले त्याला मिळाली नाही. एक राजपुत्र होता, दुसरा निषाद. हा हेतू गुप्त नाही, तो समाजाच्या रचनेत लिहिलेला आहे.

म्हणूनच द्रोणांना निर्दोष ठरविणारे तर्क मला मान्य नाहीत. पण त्यांना कटकारस्थानी राक्षस ठरवून मोकळे होणेही मला तितकेच सोयीचे वाटते. गुरू थोर होता, त्याच्या मनात काही उदात्त असणार, असे म्हटले की अंगठ्याचे दुःख उरत नाही. गुरू राक्षस होता असे म्हटले की आपण सुटतो, कारण आपण राक्षस नाही. दोन्ही वाटांनी जाणारा एकच गोष्ट टाळतो. एखाद्याची विद्या हिरावून घेण्यास सामान्य माणसाचे सामान्य हेतू पुरेसे असतात, ही ती गोष्ट होय.

आपल्या व्यवस्थेतील एक योगायोगही लक्षात घेण्याजोगा आहे. उत्तम क्रीडाप्रशिक्षकाला १९८५ पासून मिळणाऱ्या राष्ट्रीय पुरस्काराला द्रोणाचार्यांचे नाव आहे, तर आदिवासी मुलांसाठी केंद्र सरकारने १९९७-९८ पासून काढलेल्या निवासी शाळांना एकलव्याचे. मान गुरूच्या नावाने आणि वसतिगृह शिष्याच्या नावाने, ही वाटणी करताना कोणाच्याही मनात दुष्ट हेतू नसणार. मी म्हणतो ते हेच. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील शंभरांपैकी सुमारे एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातींची आहेत. येथील वर्गात उभा राहणारा शिक्षक रोज द्रोणांच्याच जागी उभा असतो.

हे मी उपदेश म्हणून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी एका परीक्षेसाठी मी तास संपल्यावर दोन विद्यार्थ्यांना जादा मार्गदर्शन करीत असे. ती दोघे यशस्वी होणार, निकाल उजळणार, याची मला खात्री होती. एका पाड्यावरचा मुलगा, मीही बसू का, असे विचारायला आला. त्याचे मराठी अडखळत होते, कारण घरची भाषा मावची. वेळ नाही, असे मी सांगितले, आणि ते खोटेही नव्हते. त्याने त्या दोघांकडून माझ्या टिपणांच्या छायाप्रती मिळविल्या, शेतावरच्या झोपडीत बसून अभ्यास केला आणि तो उत्तीर्ण झाला. पेढे घेऊन आला तेव्हा वाकून म्हणाला, "सर, तुमच्यामुळेच." मी ते नाकारले नाही. पुढे सत्कारसमारंभात मार्गदर्शक म्हणून माझे नाव वाचले गेले, तेव्हाही मी गप्प बसलो.

माझ्या मनात कोणता गुप्त हेतू होता? काहीच नव्हता. वेळ कमी होता, निकालाची काळजी होती आणि समोर दोन हुशार विद्यार्थी होते. न शिकविता घेतलेली दक्षिणा मात्र घेतली गेली. त्या मुलीच्या प्रश्नाला त्या दिवशी वर्गात मी उत्तर दिले नाही, त्याचे कारण हे आहे.

ते उत्तर पुढच्या तासाला द्यायचे मी ठरविले आणि दिले. त्या दिवसापासून जादा तासाची वेळ फळ्यावर सर्वांसाठी लिहिली जाते. येणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि निकाल काय लागेल हे सांगता येत नाही. द्रोणाचार्यांच्या मनात काय होते, यावर मुलांचा वाद अजून चालू आहे. तो चालू राहावा. मात्र त्या वादात प्रत्येक शिक्षकाने आपल्याही मनात एकदा डोकावून घ्यावे.