रेनडियरचे खूर आणि गोठलेली जमीन

नाताळच्या शुभेच्छापत्रांवर घसरगाडी ओढणारा, झाडाच्या फांद्यांसारख्या शिंगांचा एक प्राणी हटकून असतो. तोच रेनडियर. चित्रातील ही ओळख आपल्याकडे लहानथोरांना आहे. परंतु चित्रातून बाहेर पडून हा प्राणी ज्या भूमीवर प्रत्यक्ष वावरतो, त्या भूमीसाठी तो काय करतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गाडी ओढणे हे त्याचे दुय्यम काम होय. त्याचे मुख्य काम खाणे आणि चालणे. आणि गेल्या पंचवीसतीस वर्षांतील संशोधनावरून असे दिसू लागले आहे की, उत्तरेकडील प्रदेशाचे रूप या खाण्याचालण्यावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

सायबेरियाचा उत्तर भाग, नॉर्वे-फिनलंडचे वरचे टोक, अलास्का, उत्तर कॅनडा आणि ग्रीनलंडची हिमस्तराबाहेरची किनारपट्टी मिळून जो विस्तीर्ण पट्टा होतो, त्याला टुंड्रा म्हणतात. तेथे वृक्ष वाढत नाहीत. गवत, शेवाळ, गुडघाभर उंचीची बर्च आणि विलो यांची झुडपे आणि दगडफुलाच्या जातीची वनस्पती, एवढीच तेथील वनसंपत्ती. आपल्या मसाल्यात जे दगडफूल पडते, त्याचेच दूरचे भाऊबंद तेथे जमिनीवर फिकट गालिच्यासारखे पसरलेले असतात आणि हिवाळ्यात रेनडियरचा जीव मुख्यतः त्यांच्यावर जगतो. उन्हाळ्यात जमिनीचा वरचा हात-दीड हात थर वितळतो. त्याखालची माती बहुतेक ठिकाणी हजारो वर्षे गोठलेलीच आहे. त्या मातीत युगानुयुगांची मुळे, पाने आणि शेवाळ पुरते न कुजता पडून राहिले आहे. उत्तरेच्या या गोठलेल्या जमिनीत अडकलेला कार्बन आजच्या वातावरणातील एकूण कार्बनच्या सुमारे दुप्पट आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. माती वितळली की जंतू कामाला लागतात, कुजण्याची क्रिया सुरू होते आणि तो कार्बन वायुरूपाने हवेत जाऊ लागतो. आणि हा प्रदेश तर १९७९ पासून साऱ्या पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत आला आहे.

ऊब वाढली म्हणजे झुडपे वाढतात, हे उघड आहे. अलास्कातील जुनी आणि नवी छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली, तर पूर्वी मोकळ्या असलेल्या उतारांवर झुडपांची दाटी झालेली स्पष्ट दिसते. यावर कोणी म्हणेल, हिरवळ वाढली तर बिघडले कोठे? झाडे कार्बन शोषून घेतात, हे तर शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. शंका रास्त आहे. आणि उन्हाळ्यात झुडपांच्या सावलीने खालची माती थोडी थंड राहते, हेही कबूल केले पाहिजे. पण टुंड्रातील हिवाळा सात-आठ महिने चालतो आणि त्या काळात झुडपांचे वागणे निराळे असते. वाऱ्याने उडणारे हिम ती अडवून धरतात. तेथे हिमाचा थर जाड होतो आणि त्याखालची माती उबदार राहते. वसंतात त्यांच्या काळसर काटक्या हिमाबाहेर डोके काढतात आणि शुभ्र हिमाने जी उष्णता आकाशाकडे परतवली असती, ती शोषून घेतात. हिम लवकर वितळते, काळी जमीन लवकर उघडी पडते आणि उबेत आणखी भर पडते.

येथे प्राण्यांचा संबंध येतो. पश्चिम ग्रीनलंडमध्ये कांगरलुसुआक या ठिकाणाजवळ रेनडियरची रानटी जात, जिला अमेरिकेकडे कॅरिबू म्हणतात, पूर्वीपासून चरते. १९६२ व १९६५ साली ईशान्य ग्रीनलंडमधून तेथे मस्क ऑक्स या जातीचे २७ प्राणी आणून सोडण्यात आले. नावात बैल असला तरी हा लांब केसांचा प्राणी कुळाने शेळ्यामेंढ्यांचा नातलग आहे. त्या २७ प्राण्यांची पुढे हजारोंनी संख्या झाली. या ठिकाणी एरिक पोस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह एक साधा, परंतु मोठ्या चिकाटीचा प्रयोग मांडला. २००२ साली त्यांनी काही तुकड्यांना कुंपण घातले, म्हणजे तेथे प्राण्यांना मज्जाव झाला. शेजारचे तितकेच तुकडे मोकळे ठेवले. मग दोन्हीकडे काही जागी वरून उघडी अशी पारदर्शक नळकांडी उभी केली. त्यांच्या आत वारा अडतो, ऊन कोंडते आणि हवा एक-दोन अंशांनी अधिक तापते. अशा रीतीने भविष्यातील उन्हाळा आजच्याच जमिनीवर, थोड्याशा जागेत, आणून ठेवण्यात आला.

पाच वर्षांत जे दिसले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. जेथे ऊब वाढविली होती आणि प्राण्यांना बंदी होती, तेथे बर्च व विलो यांनी जोराने उसळी घेतली आणि त्या तुकड्याचे स्वरूपच झुडपी रानाकडे झुकले. जेथे ऊब तितकीच वाढविली होती, पण प्राणी येऊन कोवळे शेंडे खुडून जात होते, तेथे झुडपांची ही उसळी पुष्कळच दबलेली राहिली. कुंपणे तशीच ठेवून निरीक्षण पुढे चालू राहिले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे आढळले की, बदलत्या हवामानात त्या परिसरातील वनस्पतींची विविधता दोन्हीकडे घटत आहे. परंतु जेथे दोन्ही जातींचे प्राणी चरतात तेथे ही घट संथ आहे. उष्णतामापकावरील आकडा सारखाच असून जमिनीचे भवितव्य वेगळे होऊ शकते; आणि तो फरक घडविणारे साधन म्हणजे एक तोंड आणि चार खूर. नॉर्वे आणि फिनलंड यांच्या सीमेवरील रेनडियरच्या कुंपणाने असाच पुरावा, कोणी प्रयोग न करता, उभा करून ठेवला आहे. जेथे फिनलंडच्या बाजूस उन्हाळ्यातही कळप चरतात, तेथे झुडपे खुजी राहतात आणि वसंतात हिम उशिरा वितळते. पलीकडे नॉर्वेच्या बाजूस झुडपे उंच आहेत आणि हिम आधी जाते. उपग्रहाच्या छायाचित्रांत हा फरक कुंपणाच्या रेषेबरहुकूम दिसतो.

तोंडाचे काम झाले, आता खुरांचे. हे समजण्यासाठी हिम आणि बर्फ यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. आपण दोहोंनाही बर्फच म्हणतो. परंतु हिम म्हणजे आकाशातून पडणारे, मध्ये हवा राखून साठणारे भुसभुशीत कण. आणि बर्फ म्हणजे पाणी गोठून झालेला दगड. पिंजाऱ्याने नुकताच पिंजलेला कापूस भरलेली गादी किती ऊब देते आणि तीच गादी वर्षानुवर्षे दडपून गेली म्हणजे कशी थंडगार लागते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही. टुंड्रावरील हिम ही जमिनीची गादीच होय. वर हवेत उणे चाळीस अंश थंडी असली तरी तिच्या पोटात ती शिरू देत नाही. अन्नासाठी खुरांनी हिम उकरणारे आणि त्यावरून चालणारे कळप ही गादी दडपून टाकतात. मग थंडी खोलवर उतरते आणि गोठलेली जमीन अधिक घट्ट गोठते.

हाच विचार धरून सेर्गेई झिमोव या रशियन शास्त्रज्ञाने ईशान्य सायबेरियात, कोलिमा नदीजवळच्या चेरस्की गावाबाहेर, १९९६ साली एक कुरण राखले. याकूत घोडे, रेनडियर, मस्क ऑक्स, गवे, याक असे प्राणी तेथे क्रमाक्रमाने आणण्यात आले. हिमयुगात या भागात मॅमथ हत्ती, घोडे आणि गवे यांचे मोठे कळप होते आणि शेवाळाच्या जागी गवताची माळराने होती. ती माळराने माणसाने प्राणी मारल्यामुळे गेली असे झिमोव यांचे मत; हवामान दमट झाल्यामुळे आधी गवत गेले आणि मागोमाग प्राणी, असे दुसरा पक्ष म्हणतो. हा वाद अद्याप मिटलेला नाही. मात्र २०२० साली झिमोव व त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी गणिताने असे दाखविले की, तापमानवाढ कमाल वेगाने झाली तर या शतकाअखेर गोठलेल्या जमिनीपैकी सुमारे निम्मीच उरेल. पण तीवर सर्वत्र मोठे कळप हिंडत असतील तर सुमारे ८० टक्के टिकेल. गणित आकर्षक आहे, पण त्यातील 'सर्वत्र' हा शब्द जड आहे. राखलेल्या कुरणातील थोडेसे प्राणी आणि साऱ्या सायबेरियाला पुरतील इतके कोट्यवधी प्राणी, यांमधील अंतर केवळ उत्साहाने पार होणारे नव्हे.

शिवाय प्राणी सोडले की काम झाले, असेही नाही. बेरिंग समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचे निर्जन बेट आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथील अमेरिकन तुकडीला अडीअडचणीला मांस मिळावे म्हणून १९४४ साली २९ रेनडियर सोडण्यात आले. युद्ध आटोपले, माणसे परतली. बेटावर लांडगे नव्हते, शिकारी नव्हते आणि दगडफुलाचा गालिचा चांगला जाड होता. १९६३ च्या उन्हाळ्यात कळप सुमारे ६,००० वर गेला होता आणि गालिचा खाऊन संपत आला होता. पुढचा हिवाळा अतिशय कडक निघाला. १९६६ साली मोजणी झाली तेव्हा ४२ प्राणी जिवंत होते आणि त्यांत प्रजननक्षम नर नव्हता. तेव्हा प्राणी भूमी राखतात हे खरे. परंतु लांडगा, शिकारी, किंवा कळप वेळच्या वेळी हलविणारा गुराखी, असा कोणी त्यांच्या मागे असला तरच.

या सर्वांत चिंतेची गोष्ट वेगळीच आहे. जे प्राणी तापमानवाढीचा परिणाम काही अंशी थोपवू शकतात, तीच वाढ त्यांच्या मुळावर आली आहे. ग्रीनलंडमधील कॅरिबू वसंतात पिलांना जन्म देण्यासाठी ठराविक जागी जातात. त्यांचे निघणे दिवसाच्या लांबीवर ठरते आणि दिवसाची लांबी काही बदललेली नाही. गवताचे उगवणे मात्र उबेवर ठरते आणि ते पुष्कळ आधी होऊ लागले आहे. कोवळे गवत पौष्टिक असते, जून झालेले तितके नसते. माद्या पोहोचतात तेव्हा पंगत उठत आलेली असते. ज्या वर्षी हे अंतर अधिक, त्या वर्षी पिले कमी जगतात, असे तेथे आढळून आले आहे.

याहून घातक म्हणजे हिवाळ्यातील पाऊस. समुद्रावरील बर्फ उशिरा धरू लागल्याने नोव्हेंबरातही उघडे पाणी राहते; तेथून दमट, उबदार हवा जमिनीवर येते आणि हिमाऐवजी पाऊस पडतो. ते पाणी हिमात मुरते आणि थंडी परतताच गोठून त्याचा पत्रा बनतो. भुसभुशीत हिम उकरणारे खूर त्या पत्र्यापुढे हतबल होतात. खाली अन्न आहे, वासही येतो, पण तोंड पोहोचत नाही. कॅनडातील बँक्स बेटावर ऑक्टोबर २००३ मधील अशा एका पावसानंतर सुमारे २०,००० मस्क ऑक्स उपासमारीने मेले.

वायव्य सायबेरियातील यामाल द्वीपकल्पावर नेनेत्स लोक पिढ्यान् पिढ्या रेनडियरचे कळप घेऊन वर्षभर फिरतात. तंबू, वस्त्र, अन्न आणि वाहन या साऱ्या गरजा त्या एका प्राण्यावर भागतात. त्यांचे चालत राहणे ही रूढी नव्हे, शेती आहे. एक कुरण खाऊन संपण्यापूर्वी दुसरे गाठावयाचे, म्हणजे दगडफुलाला पुन्हा वाढण्यास अवसर मिळतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये तेथे हिमावर पाऊस पडला आणि नंतर कडाक्याची थंडी आली. बर्फाचा पत्रा वसंतापर्यंत सुटला नाही. द्वीपकल्पावरील सुमारे २,७५,००० रेनडियरांपैकी ६१,००० त्या हिवाळ्यात मेले. पूर्वी अशा संकटात कळप दूरच्या उघड्या कुरणाकडे वळविता येई. आता वाटेत वायूच्या नळवाहिन्या, रस्ते आणि लोहमार्ग आहेत. आदल्याच वर्षी, २०१२ साली, यामालवरील बोवानेन्कोवो येथील खाणीतून नैसर्गिक वायू काढण्यास प्रारंभ झाला होता. जो वायू जाळून जगाची हवा तापते, त्याच्याच नळांनी कळपांची वाट अडावी, हा योग विचित्र खरा.

ज्या कुटुंबांचे बहुतेक प्राणी गेले, त्यांना जागचे हलताही येईना. कारण तंबूचे सामान ओढणारे प्राणीच उरले नव्हते. ती कुटुंबे टुंड्रावर होती तेथेच थांबली, मासे धरून पोट भरू लागली आणि ज्यांचे कळप थोडेबहुत वाचले होते, अशांकडून पैदाशीसाठी प्राणी उसने मागू लागली. मादीला वर्षाकाठी एकच पिलू होते. त्यामुळे कळप पुन्हा उभा राहावयास पुढे कित्येक वर्षे लागणार होती.