विंकलरची बाटली

किनाऱ्याच्या पाण्यात माशांना श्वास घेण्यापुरता प्राणवायू उरला आहे किंवा नाही, या प्रश्नाचा अंतिम निवाडा आजही ज्या साधनाकडे जातो, ते साधन म्हणजे घासून बसवलेल्या बुचाची काचेची एक लहानशी बाटली होय. बुडापेस्टच्या लायोश विंकलर या पंचविशीतील रसायनज्ञाने १८८८ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत पुढे अनेकांनी दुरुस्त्या केल्या, पाण्यात तरंगत राहून अहोरात्र आकडे धाडणारे विद्युत्संवेदकही आले. तथापि त्या संवेदकांचीच खातरजमा करण्याची वेळ आली म्हणजे जाणत्या प्रयोगशाळेला पुन्हा हीच बाटली काढावी लागते.

तिचे रसायन सांगावयास सोपे आहे. नमुन्यात मँगेनीजचा क्षार व आयोडाइडयुक्त अल्क घालताच पाण्यातील प्राणवायू मँगेनीजशी संयोग पावतो आणि तपकिरी साका खाली बसतो. प्राणवायू नसेल तर साका पांढराच राहतो. पुढे आम्ल घातले की जितका प्राणवायू तितके आयोडीन मोकळे होते, आणि ते थायोसल्फेटच्या द्रावणाने ब्युरेटमधून थेंबाथेंबाने मोजले जाते.

अवघड आहे ते बाटली भरणे. हेलकावणाऱ्या होडीत तोल सांभाळीत नमुनापात्राच्या तोटीची रबरी नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडावयाची, खळखळ होऊ न देता बाटलीच्या दुप्पट-तिप्पट पाणी काठावरून वाहू द्यावयाचे, नळी वाहती ठेवूनच हळूहळू बाहेर काढावयाची, दोन्ही द्रावणे पिपेटचे टोक पाण्याखाली बुडवून सोडावयाची, आणि बूच असे तिरके सरकवीत बसवावयाचे की आत एकही बुडबुडा अडकू नये. या शिरस्त्यास सोवळ्याचा अतिरेक म्हणणाऱ्याने साधा हिशेब करून पाहावा: १२५ मिलिलिटरच्या बाटलीतील निरोगी समुद्रजलात जेवढा विरघळलेला प्राणवायू असतो, त्याचा जवळजवळ तृतीयांश एक मिलिलिटर हवेच्या बुडबुड्यात असतो.

आपल्या उष्ण समुद्रात ही दक्षता अधिकच अगत्याची ठरते. २८ अंश सेल्सियसच्या खाऱ्या पाण्यात, हवेशी समतोल साधला असता, लिटरमागे सुमारे साडेसहा मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो. आणि स्नान, जलक्रीडा व व्यापारी मासेमारी यांसाठी नेमलेल्या एसडब्ल्यू-२ वर्गाच्या पाण्यात तो निदान ४ मिलिग्रॅम असावा, असा आपल्याकडील दंडक आहे. निरोगी व निषिद्ध यांमधील सारी जागा एवढीच. ती एका बेफिकीर हातास सहज गिळता येते.

म्हणून नवशिक्यास प्रथम एकाच पात्रातून ओळीने अनेक बाटल्या भरावयास लावणे, आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळेपर्यंत त्याच्या नावाचा आकडा दप्तरात न चढवणे, ही रीत मला अत्यंत न्याय्य वाटते. थायोसल्फेट ठेवल्या ठिकाणी क्षीण होते, यास्तव त्याची पोटॅशियम आयोडेटशी वरचेवर रुजवात घालावी लागते. द्रावणांतच काही मूळचा दोष नाही ना, हे पाहण्यासाठी कोरी चाचणी घ्यावी लागते. आणि सांडपाण्याच्या खाडीत नायट्राइट आकडा फुगवते, तेथे अझाइडची तजवीज करावी लागते. आयोडीनचा रंग फिका गवती झाल्यावरच स्टार्च घालावयाचा. घाई केल्यास निळेपणा हट्टाने रेंगाळतो आणि अंत्यबिंदू फसवतो.

युरोपात १९९२ साली सुरू झालेल्या क्वासिमीम या उपक्रमाने एकच नमुना अनेक प्रयोगशाळांस धाडून त्यांच्या उत्तरांची तुलना करण्याचा पायंडा पाडला. नायट्रेट, फॉस्फेट, धातू यांच्या बाबतीत तो उत्तम चालतो. परंतु प्राणवायू टपालाने धाडता येत नाही. वाटेत तो जिवाणू खातात किंवा हवेतून नवा शिरतो. त्याची तुलना करावयाची तर माणसांनीच एका पात्राभोवती जमून आपापल्या बाटल्या भरल्या पाहिजेत. प्रशिक्षणाला येथे पर्याय नाही, तो यामुळे.

या पद्धतीचीही सीमा आहे, आणि ती आपल्याच किनाऱ्यावर दिसते. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यातील कांदोळीसमोरच्या एका ठरावीक ठिकाणी १९९७ पासून निरीक्षणे घेत आली आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तेथील तळाच्या थरातून प्राणवायू जवळजवळ लोपतो आणि हायड्रोजन सल्फाइड आढळू लागतो. अशा पाण्यात बाटली भरताना शिरलेल्या किंचितशा हवेमुळे नसलेला प्राणवायूही असल्याचा दाखला मिळू शकतो. म्हणून अत्यल्प प्रमाणासाठी रंगमापनाच्या अधिक सूक्ष्म रीती वापराव्या लागतात.

खाडीच्या पाण्याचे अहवाल प्रसिद्ध करणाऱ्या कचेऱ्यांनी प्राणवायूच्या आकड्याशेजारी जोडनमुन्यांतील फरक आणि कोऱ्या चाचणीचे उत्तरही छापावे. आणि ते छापले नसेल तर, हा अधिकार आपला आहे असे समजून, वाचकाने ते मागावे.