बार्ट चौथीतच का?

आधी एक सोपे गणित करा. एक मुलगा १९८९ साली दहा वर्षांचा होता. २०२५ साली त्याचे वय किती? तुम्ही चटकन म्हणाल, शेहेचाळीस. उत्तर बरोबर आहे, पण 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतील बार्टला ते लागू पडत नाही. ही विनोदी मालिका डिसेंबर १९८९ मध्ये दूरचित्रवाणीवर सुरू झाली. बार्ट तेव्हा दहा वर्षांचा, चौथीत. धाकटी मॅगी तान्ही. त्यानंतर पस्तीसहून अधिक वर्षे उलटली, तरी बार्ट चौथीतच आहे आणि मॅगीची चोखणी सुटलेली नाही.

मग या मालिकेत काळ पुढे जातच नाही काय? जातो की! नाताळ येतो, उन्हाळ्याची सुट्टी लागते. २००९ साली तर सुरुवातीच्या दृश्यातला खोक्यासारखा टीव्ही जाऊन सपाट पडद्याचा आला. माणसे जागच्या जागी, वस्तू मात्र पुढे!

तुमचेआमचे जन्मसाल पक्के असते आणि वय वाढत जाते. चालू सालातून जन्मसाल वजा केले की वय मिळते. कार्टूनवाले हेच समीकरण उलटे वापरतात. ते वय पक्के धरतात. मग जन्मसालाला दरवर्षी एक घर पुढे सरकावेच लागते. १९८९ मधला बार्ट १९७९ सालचा, तर २०२५ मधला बार्ट २०१५ सालचा! याला आपण 'सरकता काळ' म्हणू.

युक्ती सोपी दिसते, पण आईबापांपाशी येऊन अडते. १९९१ सालच्या एका भागात होमर आणि मार्ज, म्हणजे बार्टचे आईवडील, १९७४ साली शाळेत असताना एकत्र आले असे दाखवले होते. तेव्हा हिशेब जुळत होता. पण त्याच हिशेबाने २००८ साली होमरने पन्नाशी ओलांडायला हवी, आणि तो तर अजून चाळिशीच्या आसपास! तेव्हा त्या वर्षीच्या एका भागात लेखकांनी या जोडप्याचे मूल होण्यापूर्वीचे दिवस चक्क १९९० नंतरच्या दशकात नेऊन ठेवले. गंमत अशी, की त्याच दशकात बार्ट पडद्यावर खोड्या करीत होता! जुन्या प्रेक्षकांपैकी पुष्कळांना हे रुचले नाही. मला विचाराल तर लेखकांना दुसरी वाट फारशी नव्हती.

जपानच्या 'साझाए-सान' मालिकेत १९६९ पासून काळ रहाटासारखा फिरतो आहे. नववर्ष, चेरीचा बहर, उन्हाळा, पुन्हा नववर्ष; आणि पाचवीतला कात्सुओ पुन्हा पाचवीतच. 'किंग ऑफ द हिल' या अमेरिकन मालिकेची तऱ्हा आणखी निराळी. ती २०१० साली थांबली, तेव्हा त्यातला बॉबी तेराच्या आसपास होता. २०२५ साली ती परत आली, तेव्हा तो एकवीस वर्षांचा आचारी झाला होता. जगाची पंधरा वर्षे गेली, बॉबीची सुमारे आठच!

खऱ्या मुलाला मालिकेत घेतले, तर दोन-चार वर्षांत त्याला मिसरूड फुटते, स्वरयंत्र वाढते आणि आवाज घोगरा होतो. चित्राला ही अडचण नाही. बार्टचा आवाज काढतात नॅन्सी कार्टराइट, १९५७ साली जन्मलेल्या बाई. म्हणजे मुलाचा आवाज फुटण्याचीही भीती नाही. शिवाय कोणी वाढत नसल्याने जुने भाग कोणत्याही क्रमाने दाखवता येतात.

पण आवाज तर माणसाचाच असतो. बार्टच्या वर्गशिक्षिका एडना क्रबॅपल यांना आवाज देणाऱ्या मार्शा वॉलेस ऑक्टोबर २०१३ मध्ये वारल्या. निर्मात्यांनी त्यांच्या जागी दुसरा आवाज आणला नाही. एडनाबाईंनाच मालिकेतून निवृत्त केले, आणि पुढे त्यांचे पती नेड फ्लँडर्स त्यांच्यासाठी शोक करताना दाखवले. चौथीच्या त्या वर्गात आता वेगळ्या बाई शिकवतात. बार्ट मात्र त्याच वर्गात आहे, दहा वर्षांचा.