मनाचें औषध शेजारच्या दवाखान्यांत

झोंप लागत नाहीं, अन्नावरची वासना उडाली, अंग मोडून येतें, अशी तक्रार घेऊन मनुष्य आपल्या नेहमींच्या डॉक्टरांकडे जातो. ते नाडी पाहतात, रक्तदाब मोजतात, गोळ्या देतात. परंतु मन खिन्न आहे काय, किंवा रोज संध्याकाळीं हात पेल्याकडे जातो काय, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आणि विचारल्यावांचून तो मनुष्यही सांगत नाहीं. मनोविकारतज्ज्ञांची पायरी चढणें म्हणजे वेडा ठरणें, ही भीति सुशिक्षित घरांतूनही अद्याप गेलेली नाहीं. २०१५-१६ सालच्या राष्ट्रीय पाहणींत मनोविकार जडलेल्या शंभरांपैकीं ऐंशींहून अधिक लोक उपचारावांचून राहिलेले आढळले.

मग उपाय कोणता? जेथें रोगी आपण होऊन येतो, तेथेंच हा उपचार नेणें. गोव्यांत 'संगाथ' संस्थेनें २०१३ ते २०१५ या काळांत दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत याचा पडताळा पाहिला. स्थानिक माणसांना शिकवून सल्लागार केलें. त्यांच्यापाशीं मानसोपचाराची पदवी नव्हती. नैराश्यानें ग्रासलेला मनुष्य आवडीचीं कामें सोडतो आणि त्यामुळें अधिकच खचतो. म्हणून सहा ते आठ भेटींत त्याला तींच कामें थोडथोडीं पुन्हां सुरू करण्यास साहाय्य केलें. मद्यपी पुरुषांशीं चारांपर्यंत भेटींत, दोष न देतां, पिण्याचे परिणाम आणि मोह टाळण्याच्या युक्त्या यांविषयीं बोलणें केलें.

तीन महिन्यांनंतर, नेहमींच्या उपचाराबरोबर हा सल्ला मिळालेल्यांपैकीं शेंकडा ६४ जणांचें नैराश्य ओसरलें होतें. नुसता नेहमींचा उपचार मिळालेल्यांत हें प्रमाण ३९ होतें. मद्याच्या बाबतींत हेच आंकडे ३६ व २६ असे होते. हें यश थोडें असलें, तरी घरांतील माणसांना त्याची किंमत सांगावी लागत नाहीं.

सर्वच रोग असे बरे होत नाहींत. भ्रम होऊं लागल्यास किंवा आत्महत्येचे विचार येऊं लागल्यास तज्ज्ञांकडे तात्काळ गेलें पाहिजे. फार दिवस फार पिणाऱ्यानें दारू एकाएकीं सोडल्यास झटके येऊन प्राणावर बेततें. तेव्हां ती डॉक्टरांच्या देखरेखीखालींच सोडावी.

पुढच्या वेळीं दवाखान्यांत जाल, तेव्हां पोटदुखीबरोबर मनाचें दुखणेंही सांगा. डॉक्टरांनीं विचारलें नाहीं, तर आपण होऊन सांगा. लपविलेल्या दुखण्यावर औषध कोण देणार?