एकही अक्षर न बदलता

शाळकरी वास्याला वाढदिवसाला अक्षरांची एक ओळ भेट मिळते. अक्षरं दोनच, आपल्यापुरती अ आणि ब म्हणू. त्यातली ठरावीक संख्येपर्यंत अक्षरं बदलायची मुभा आहे. मग एकाच अक्षराचा सलग पट्टा जास्तीत जास्त किती लांब होईल? रशियातल्या सारातोवच्या मिखाईल मिर्झायानोव यांनी उभारलेल्या ‘कोडफोर्सेस’ या संकेतस्थळावर २०१६ साली हे कोडं स्पर्धेत आलं होतं. ‘अअबअअबअअ’ या ओळीत एकच बदल चालणार असेल, तर उत्तर पाच.

कोडं वाचताच हात शिवशिवतात ते अक्षरं बदलायला. हा ब पुसावा की तो? तिथेच फसगत होते. बदलायचं काहीच नाही, फक्त मोजायचं आहे. ज्या तुकड्यात परके, म्हणजे ‘ब’, परवानगीपेक्षा जास्त नाहीत, असा सर्वांत लांब तुकडा शोधायचा. मग ‘अ’ना परके मानून तेच पुन्हा करायचं आणि दोन्हींतला लांब तुकडा घ्यायचा.

पण एक लाख अक्षरांच्या ओळीत तुकडे होतात सुमारे ५०० कोटी, आणि अशा स्पर्धांत प्रोग्रामला जेमतेम एक-दोन सेकंद मिळतात. म्हणून ‘स्लायडिंग विंडो’, म्हणजे सरकती खिडकी. ती सुरवंटासारखी चालते: उजवं टोक पुढे जातं, परके जास्त झाले की डावं टोक ओढून घेतलं जातं. दोन्ही टोकं मागे कधीच येत नाहीत. त्यामुळे एका फेरीत फार तर दोन लाख पावलं, काम फत्ते.

खरी गंमत पुढे आहे. नोकरीच्या मुलाखतींत याच कोड्याचं थोरलं भावंड विचारतात, इंग्रजीच्या २६ अक्षरांचं. तिथे खिडकीच्या लांबीतून सर्वाधिक वेळा आलेल्या अक्षराची संख्या वजा केली की लागणारे बदल कळतात. डावं टोक सरकल्यावर ही सर्वाधिक संख्या घटू शकते. तरी चलाख उत्तरात ती कमी करतच नाहीत. जुनाच आकडा राहू देतात! खिडकीही आक्रसत नाही, तेवढ्याच लांबीची पुढे सरकते. हे चालतं, कारण आपल्याला हवाय फक्त आधीचा विक्रम मोडणारा पट्टा. आणि तो मोडायचा तर एखादं अक्षर त्या जुन्या आकड्यापेक्षा जास्त वेळा यावंच लागतं. तसं झालं की आकडा आपोआप खरा होतो. कोड पाठ करून आलेला उमेदवार ‘हा आकडा कमी का केला नाही?’ या प्रश्नावर हमखास अडतो.

कागद घ्या आणि ‘अअबअबबअ’ ही ओळ एका बदलाच्या मुभेने, याच चलाख पद्धतीने स्वतः चालवून पाहा. शेवटी खिडकी ‘अबबअ’वर थांबेल. एका बदलात हा तुकडा एकसारखा होत नाही, तरी तिची लांबी, चार, हेच बरोबर उत्तर आहे. ते ‘अअबअ’वर आधीच मिळालं होतं.