पॅलाडिन : भूमिकाखेळातील व्रतस्थ योद्धा व त्याचे पतन

कल्पनाप्रधान भूमिकाखेळांतील एक पात्रप्रकार. धर्मासाठी शस्त्र धारण करणारा, विशिष्ट आचारसंहितेने बांधलेला व त्या बंधनाच्या मोबदल्यात दैवी सामर्थ्य लाभलेला योद्धा म्हणजे पॅलाडिन होय. व्रताचा भंग झाल्यास त्याचे हे सामर्थ्य काढून घेतले जाते, यालाच पॅलाडिनचे पतन म्हणतात. अन्य पात्रे पराभूत होतात किंवा मरतात. पॅलाडिन मात्र जिवंत असतानाच आपले पद गमावू शकतो. त्यामुळे खेळाच्या नियमांत नैतिक निर्णयाला प्रत्यक्ष मोल देणारे हे पात्र ठरले आहे.

भूमिकाखेळात साधारणपणे चार ते सहा जण एकत्र बसतात. त्यांपैकी एक जण निवेदक असतो. तो प्रसंगांचे वर्णन करतो, शत्रू, गावकरी, राजे इत्यादींच्या वतीने बोलतो आणि नियमांचा अर्थ लावतो. उरलेले खेळाडू प्रत्येकी एकेका पात्राची भूमिका घेऊन त्या पात्राने काय करावे ते सांगतात. फलनिष्पत्ती अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. सिंधुदुर्ग व गोवा या भागांतील दशावतारात लिखित संहितेवाचून नट उत्स्फूर्तपणे संवाद बोलतात, त्याच्याशी या खेळाचे काही साम्य आहे. तथापि दशावतारातील आख्यानाचा शेवट सर्वांना ठाऊक असतो व समोर प्रेक्षक असतात. भूमिकाखेळात शेवट कोणासच ठाऊक नसतो आणि खेळणारे हेच प्रेक्षकही असतात.

नाव व पूर्वपीठिका : ‘पॅलाडिन’ हा शब्द लॅटिन ‘पॅलाटिनस’ म्हणजे राजप्रासादाशी संबंधित या शब्दापासून आला असून त्याचे मूळ रोममधील पॅलाटाइन टेकडीच्या नावात आहे. फ्रँक सम्राट शार्लमेनच्या बारा निवडक वीरांना मध्ययुगीन आख्यानकाव्यांत हे नाव मिळाले. व्रतभंगामुळे पद गमावण्याची कल्पनाही मध्ययुगीनच आहे. बाराव्या शतकात उदयास आलेल्या टेंपलर या लढवय्या धर्मसंघाच्या नियमावलीत अपराधानुसार संघातून कायमचे निष्कासन, किंवा वर्ष व एक दिवस संघाचा झगा काढून घेणे अशा शिक्षा होत्या. हा संघ १३१२ मध्ये बरखास्त करण्यात आला. आर्थर राजाच्या कथाचक्रात लान्सलॉट हा श्रेष्ठ वीर राणीवरील प्रेमामुळे पवित्र पात्राच्या शोधात अपुरा ठरतो आणि त्याचा निष्कलंक पुत्र गॅलहॅड यशस्वी होतो.

भारतीय वाचकास याहून जवळची उदाहरणे महाभारतात सापडतात. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर चालत असे; अश्वत्थाम्याविषयीचे अर्धसत्य उच्चारताच तो भूमीला टेकला, असे द्रोणपर्वात वर्णिले आहे. त्याच कृत्यापायी त्याला अखेरीस नरकाचे दर्शन घडले. खोटी ओळख सांगून परशुरामापासून विद्या मिळविणाऱ्या कर्णाला ऐन वेळी अस्त्र आठवणार नाही, असा शाप मिळाला. सामर्थ्य नीतीशी जोडलेले असून नीती ढळताच ते ओसरते, हे सूत्र या दोन्ही कथांत दिसते.

नियमांतील विकास : पहिला प्रसिद्ध भूमिकाखेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचला आणि १९७४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातून प्रसिद्ध झाला. त्याच्या ‘ग्रेहॉक’ या १९७५ च्या पुरवणीत पॅलाडिनचा प्रथम समावेश झाला. पोल अँडरसन यांच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीचा त्यावर ठळक प्रभाव होता. या पात्रासाठी व्यक्तिप्रभावाचा गुणांक किमान १७ असणे आवश्यक होते. मूळ पद्धतीप्रमाणे तीन फासे टाकून १७ किंवा १८ येण्याची शक्यता ५४ मध्ये १ इतकीच असते. म्हणजे पॅलाडिन होणे हेच मुळात दुर्मिळ होते. नियम मात्र अत्यंत कठोर होता. स्वैरतेचे एक कृत्य घडले, की पद तत्काळ जाई व ते पुन्हा कधीही मिळत नसे.

१९७८ च्या नियमग्रंथात हे पात्र अधिक तपशिलाने मांडले गेले. पॅलाडिन नियमनिष्ठ व सद्वृत्त असलाच पाहिजे, असे त्यात बंधन होते. त्याला हस्तस्पर्शाने जखमा बऱ्या करणे, दुष्टतेची चाहूल लागणे, रोगापासून मुक्तता इ. शक्ती लाभत. त्याने मिळकतीचा दशांश दान करावा, संपत्तीचा संचय करू नये, दहांहून अधिक जादूच्या वस्तू बाळगू नयेत व सज्जनांचीच संगत धरावी, अशी त्याची व्रते होती. पतनाच्या बाबतीत येथे प्रथमच दोन पायऱ्या केल्या गेल्या. जाणूनबुजून केलेल्या स्वैर कृत्याबद्दल वरिष्ठ धर्मगुरूपुढे कबुली देऊन प्रायश्चित्त घेता येई. जाणूनबुजून व स्वेच्छेने केलेल्या दुष्कृत्याने मात्र पद कायमचे जाई आणि पॅलाडिन सामान्य योद्धा बनून राही. १९८९ च्या आवृत्तीत आणखी एक भेद आला : मोहिनी पडून, म्हणजे परस्वाधीन अवस्थेत, दुष्कृत्य घडले असल्यास प्रायश्चित्तानंतर पद परत मिळू शके.

२००० च्या आवृत्तीत दुष्कृत्यासाठीही प्रायश्चित्ताचा मार्ग खुला झाला. २००८ मध्ये पतनाचा नियमच वगळण्यात आला. एकदा दिलेली शक्ती काढून घेतली जात नाही, मार्ग सोडणाऱ्याचा समाचार त्याच्याच पंथातील लोक घेतात, अशी भूमिका घेतली गेली. २०१४ च्या आवृत्तीत पॅलाडिनचे सामर्थ्य त्याने स्वतः निवडलेल्या शपथेवर आधारलेले आहे. भक्तीची, निसर्गरक्षणाची किंवा सूडाचीही शपथ घेता येते. शपथ मोडल्यास जागरण, उपवास यांसारख्या मार्गांनी शुद्धी होते. पश्चात्ताप न करणाऱ्यास ‘शपथभंजक’ हा वेगळा मार्ग उपलब्ध आहे. चार दशकांच्या या वाटचालीत पतनाचा निकष बाहेरून लादलेल्या विधिनिषेधांकडून स्वतः घेतलेल्या वचनाकडे सरकला, हे लक्षणीय आहे.

पतनाचे प्रकार : पॅलाडिनचे पतन साधारणपणे पाच प्रकारे घडते. (१) आवेगाने : शरण आलेल्या शत्रूस रागाच्या भरात ठार करणे. (२) लोभाने वा अहंकाराने : यात एकच मोठे कृत्य नसते, लहानलहान सवलतींची मालिका असते. (३) अतिरेकी निष्ठेने : न्यायाच्या नावाखाली क्रौर्य करणे. ‘वॉरक्राफ्ट ३’ (२००२) या संगणकीय खेळातील राजपुत्र आर्थस हा याचा प्रसिद्ध नमुना आहे. रोगग्रस्त धान्य खाल्लेले नगरवासी पिशाचे बनण्याआधीच त्यांची सरसकट कत्तल करण्याचा निर्णय तो घेतो. हेतू राज्य वाचविण्याचा असतो, परंतु त्याच वाटेने तो ज्यांच्याशी लढत होता त्यांचाच सेनानी बनतो. (४) कर्तव्यांच्या संघर्षाने : राजाज्ञा व निरपराध्यांचे रक्षण यांपैकी एक मोडल्याशिवाय दुसरे पाळता येत नाही. (५) स्वेच्छेने : व्रत अन्यायकारक वाटल्याने ते जाहीरपणे टाकून देणे.

यांतील तिसरा व चौथा प्रकार सर्वाधिक अर्थपूर्ण असतात, कारण त्यांत पात्राचा गुण हाच त्याचा दोष होतो.

न्यायनिवाड्याचा प्रश्न : पतन घडले की नाही हे निवेदक ठरवितो आणि मोहाचे प्रसंगही तोच रचतो. फिर्यादी, साक्षीदार व न्यायाधीश या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे येत असल्याने येथे अन्यायाला वाव राहतो. काय केले तरी पापच घडेल, असा पेच मुद्दाम उभा करून पॅलाडिनचे पद हिरावून घेणे हा या खेळातील एक परिचित दोष आहे. अशा पतनात खेळाडूची निवड नसते. त्यामुळे ते शोकात्म न ठरता केवळ अपघात ठरते.

धर्मशास्त्रकारांनी या प्रश्नाचा पूर्वीच सूक्ष्म विचार केलेला आढळतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात अजाणता घडलेले व बुद्धिपुरस्सर केलेले पातक यांत भेद केला असून दुसऱ्यास प्रायश्चित्त आहे की नाही, याविषयीचा मतभेदही नोंदविला आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) पातक व प्रायश्चित्त यांचे विस्तृत विवेचन केले आहे. १९७८ व १९८९ च्या खेळनियमांत आलेले स्वेच्छा व परस्वाधीनता, किरकोळ दोष व महापातक हे भेद त्या विवेचनाच्या वाचकास अपरिचित वाटणार नाहीत. ज्ञान, हेतू व पर्याय या तीन गोष्टींवाचून दोष ठरविता येत नाही, या निष्कर्षाकडे दोन्ही परंपरा येतात.

म्हणून चांगल्या खेळात काही संकेत पाळले जातात. व्रतांचा अर्थ खेळ सुरू होण्यापूर्वीच निवेदक व खेळाडू मिळून ठरवितात. निर्णायक कृत्यापूर्वी खेळाडूस परिणामाची जाणीव दिली जाते. ही जाणीव प्रसंगातूनही देता येते : घोडा जवळ येईनासा होतो, हस्तस्पर्शाचा गुण उणावतो, प्रार्थनेस उत्तर मिळत नाही. कर्तव्यांच्या संघर्षात कमी दोषाचा मार्ग प्रामाणिकपणे शोधणाऱ्यास पतित मानले जात नाही.

पतनानंतर : पतित पॅलाडिनपुढे तीन मार्ग असतात. प्रायश्चित्त म्हणून कठीण कामगिरी पार पाडून तो पद परत मिळवितो. सामर्थ्याविना, पण जुन्याच निष्ठेने सामान्य योद्धा म्हणून जगतो. किंवा अंधाऱ्या शक्तींचा आश्रय घेतो. तिसऱ्या मार्गाचे गाजलेले उदाहरण म्हणजे १९८४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘ड्रॅगनलान्स’ कथामालेतील लॉर्ड सॉथ. जगावरील अरिष्ट टाळण्याची संधी देवांनी दिली असताना पत्नीविषयीच्या संशयाने तो अर्ध्या वाटेवरून परतला आणि शापित प्रेतयोद्धा झाला. दुसरा मार्ग कथांत विरळ आढळतो, परंतु नैतिक दृष्ट्या तो महत्त्वाचा आहे. बक्षीस गेल्यावरही जो व्रत पाळतो, त्याचीच निष्ठा बक्षिसासाठी नव्हती, हे त्यातून सिद्ध होते.

पतनाची शक्यता पूर्णपणे काढून टाकल्यास पॅलाडिन हा चमकत्या चिलखतातील आणखी एक योद्धा उरतो. ती पदोपदी लादल्यास खेळाडू प्रत्येक कृतीला भिऊ लागतो. या दोन टोकांमध्ये ज्ञानपूर्वक केलेल्या निवडीची जागा राखणे, यातच या पात्राचे वैशिष्ट्य टिकून राहते.