कॅमेरा बंद का होता?

मध्य प्रदेशात ऑगस्ट २०२५मध्ये ‘डायल १००’च्या जागी ‘डायल ११२’ आलं. बाराशे नव्या गाड्या रस्त्यावर उतरल्या. गाडीत डॅशकॅम आणि गाडीवरच्या पोलिसांसाठी छातीवर लावायचे बॉडी कॅमेरे, असा हा सरंजाम. भोपाळमधल्या अशा गाडीवरच्या एका प्रधान आरक्षकाचा (हेड कॉन्स्टेबलचा) दिवस इथे तासातासाने मांडला आहे. तो कुणी एक माणूस नाही. बॉडी कॅमेऱ्यासाठी आपल्या देशात स्वतंत्र कायदा नाही. पोलीस खात्यांच्या आदेशांवर काम चालतं. म्हणून जे कायद्यात किंवा न्यायालयाच्या आदेशात आहे, तिथे तसं सांगितलं आहे. बाकीचं, नियम कसा असायला हवा याबद्दलचं, माझं म्हणणं आहे.

सकाळी ७.४०

ठाण्यात मुंशी रोजनाम्यात रवानगी लिहितो: गाडी कोणती, सोबत कोण, शस्त्र कोणतं, पायलट (म्हणजे चालक) कोण. त्याच ओळीत कॅमेऱ्याचा क्रमांक यायला हवा. आज कोणता कॅमेरा कुणाच्या छातीवर आहे, बॅटरी किती भरली आहे, जुनं चित्रण उतरवून घेतलं आहे का, आणि घड्याळ बरोबर आहे का. घड्याळाची गोष्ट किरकोळ वाटते, पण कॅमेऱ्याची वेळ नियंत्रण कक्षाच्या वेळेपेक्षा सात मिनिटांनी मागे असेल, तर वर्षभराने कोर्टात बचावाचा वकील त्या सात मिनिटांवरच बोट ठेवतो. दीवानजी, म्हणजे आपला हा प्रधान आरक्षक, मोबाइलशी वेळ ताडून बघतो, क्लिप शर्टाला घट्ट लावतो आणि नावाची पट्टी कॅमेऱ्याखाली झाकली जात नाही ना, हे पाहतो. कॅमेरा आणि नाव, समोरच्याला दोन्ही दिसलं पाहिजे.

९.१०

नियंत्रण कक्षातून पहिला ‘इव्हेंट’ येतो. शिवाजीनगरात गाडी लावण्यावरून दोन शेजाऱ्यांची हातघाई.

सगळ्या नियमांचं मर्म मला इथेच दिसतं. कॅमेरा चालू कधी करायचा? पोहोचल्यावर, वातावरण तापल्यावर, की पोलिसाला वाटेल तेव्हा? कॅलिफोर्नियातल्या रिआल्टो या छोट्या शहरात २०१२पासून वर्षभर बॉडी कॅमेऱ्यांचा प्रयोग झाला. पोलिसांकडून होणारा बळाचा वापर निम्म्याहून खाली आला, तक्रारी तर त्याहून घटल्या. जगभर कॅमेऱ्यांची खरेदी सुरू झाली ती त्या आकड्यांवर. मग २०१७मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या दोन हजारांहून अधिक पोलिसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात म्हणण्यासारखा फरकच सापडला नाही. या दोहोंच्या मधल्या काळात, २०१६मध्ये, संशोधक बराक एरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक ठिकाणचे प्रयोग एकत्र तपासले होते. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं निरीक्षण. जिथे पोलिसांनी ठरल्याप्रमाणे सुरुवातीपासून कॅमेरा चालू ठेवला, तिथे बळाचा वापर कमी झाला. जिथे चालू-बंद करणं त्यांच्या मर्जीवर राहिलं, तिथे तो वाढला.

म्हणजे छातीवर कॅमेरा आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही. कळ कुणाच्या मर्जीने दाबली जाते, त्यावर सगळं अवलंबून आहे.

म्हणून दीवानजी ‘इव्हेंट’ स्वीकारतो त्याच क्षणी, गाडीत बसल्या बसल्या कॅमेरा चालू करतो. उतरल्यावर त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “भैया, कैमरा चालू है, आपकी आवाज़ भी आ रही है।” दोघेही शेजारी एक पाऊल मागे सरकतात, एकाचा हात शर्टाच्या कॉलरवरून खाली येतो. हे वाक्य समोरच्याला धाक घालायला नाही. त्याला कळलं पाहिजे म्हणून ते बोलायचं. चोरून टिपलेलं चित्रण पोलिसाच्या कामाचं असेलही, विश्वासाच्या कामाचं नाही.

११.३०

जे. पी. रुग्णालय. घरी मारहाण झालेली एक बाई अपघात विभागाबाहेरच्या बाकावर बसली आहे. छातीवरची पट्टी वाचते, आडनाव ओळखते आणि मराठीत बोलू लागते. भोपाळमध्ये हे अगदीच नवलाचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली मराठी घरं पुष्कळ आहेत.

“दादा, तो कॅमेरा बंद करा ना. हे सगळं उद्या लोकांच्या मोबाइलवर फिरेल.”

“ताई, बंद करतो. फक्त का बंद करतोय तेवढं त्याच्यासमोर बोलतो, मग करतो.”

तो वेळ सांगतो, ठिकाण सांगतो, “पीडितेच्या विनंतीवरून, रुग्णालयात” एवढं म्हणतो आणि कळ दाबतो. नाव उच्चारत नाही. मग ठाण्यात फोन लावून महिला आरक्षकाला बोलावून घेतो.

एका ठिकाणी आग्रहाने चालू ठेवायचा कॅमेरा दुसऱ्या ठिकाणी तितक्याच आग्रहाने बंद करावा लागतो. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालन्याय कायद्याचं कलम ७४ मुलांच्या ओळखीला तेच संरक्षण देतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पेशंटच्या अंगावरच्या जखमा, डॉक्टरांशी चाललेलं बोलणं, शेजारच्या खाटेवरचा भलताच माणूस, यातलं काहीही पोलिसाच्या छातीवर साठवून घरोघर फिरवायची वस्तू नाही. पण बंद करण्याचं कारण आधी कॅमेऱ्यात बोललं गेलं पाहिजे. नाहीतर दयेपोटी केलेलं बंद आणि लपवण्यासाठी केलेलं बंद यात फरक कसा करायचा?

दुपारी २.००

झडती. तपास उपनिरीक्षकाकडे आहे, दीवानजी सोबत. चोरीच्या मोटरसायकलींचे सुटे भाग एका खोलीत ठेवल्याची खबर आहे.

इथे मात्र मर्जीचा प्रश्न नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४पासून लागू झाली. तिच्या कलम १०५ने झडती, जप्ती, जप्त वस्तूंची यादी आणि त्यावर पंचांच्या सह्या, या सगळ्याचं दृकश्राव्य चित्रण सक्तीचं केलं आहे. तेही शक्यतो मोबाइलवर, आणि विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. भोपाळमध्ये या शेवटच्या अटीला जास्त वजन आहे. ९ डिसेंबर २०२१पासून शहरात पोलीस आयुक्त पद्धत आली आणि प्रतिबंधात्मक कारवाईचे दंडाधिकाऱ्यांचे बरेच अधिकार पोलिसांकडे गेले. चित्रण खात्याबाहेरच्या न्यायिक दंडाधिकाऱ्यापर्यंत पोहोचलं, तरच त्याला अर्थ.

उपनिरीक्षक मोबाइलवर ‘ई-साक्ष्य’ अ‍ॅप उघडतो. दीवानजीचा बॉडी कॅमेरा आधीपासून चालू आहे. तो खोलीच्या दारापासून सगळं टिपतो. पंच चौकटीत दिसले पाहिजेत. वस्तू उचलण्याआधी ती होती त्या जागी दिसली पाहिजे. खोलीत आधी शिरून, सगळं मांडून, मग ‘आता चालू करा’ असं म्हणून केलेली झडती कॅमेऱ्यापुढे दुसऱ्यांदा वठवलेलं नाटक असतं. आरोपीचा वकील नसला, तरी न्यायाधीशाला ते दिसायला हवं.

चित्रण आहे म्हणजे पुरावा झाला, असंही नाही. हे महाराष्ट्राने जालन्यात पाहिलं आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर घेतले गेले, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आरोप होता, आणि त्याचा आधार होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. पण त्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र मागूनही अधिकारी देईनात. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२०च्या निकालाने ठरलं की, मूळ उपकरण कोर्टात आणलं नाही तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मागणाऱ्याने सगळे प्रयत्न केले असतील तरच सूट. आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मध्ये ते प्रमाणपत्र दोन भागांत द्यावं लागतं, एक उपकरण सांभाळणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. फाइलमधला एक कण जरी बदलला, तरी ती आकडे-अक्षरांची माळ पार बदलते. दीवानजीला त्यामागचं गणित माहीत असायची गरज नाही. ती माळ आज संध्याकाळीच नोंदली गेली पाहिजे, सहा महिन्यांनी नव्हे, एवढं त्याला माहीत असलं की पुरे.

५.००

रोशनपुरा चौकात मोर्चा. बॅरिकेडपाशी रेटारेटी. समोर शेकडो मोबाइल उंचावलेले.

लोकांनी पोलिसांचं चित्रण करणं गुन्हा नाही, आणि भोपाळला त्याची किंमत ठाऊक आहे. ३१ ऑक्टोबर २०१६च्या पहाटे मध्यवर्ती कारागृहातून ‘सिमी’ या संघटनेचे आठ कच्चे कैदी पळाले, एका पहारेकऱ्याचा खून झाला, आणि काही तासांत शहराबाहेर ते आठही जण पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. मोबाइलवर घेतलेल्या काही तुटक चित्रफिती देशभर फिरल्या आणि त्यांवरून प्रश्न उठले. चौकशी आयोगाने पुढे पोलिसांची कारवाई योग्य ठरवली. तरीही वाद आजवर मिटलेला नाही. प्रत्येक तुकड्याच्या आधी काय आणि नंतर काय, हे सांगणारं सलग चित्रण कुणासमोर आलंच नाही. माणसं मरतात त्या जागी तरी असं पुन्हा होऊ नये.

मोर्चात दुसरीही मर्यादा पाळायला हवी. बळ वापरलं गेलं, कुणाला ताब्यात घेतलं, तेवढं चित्रण ठेवावं. घोषणा देणाऱ्यांचे चेहरे गोळा करून याद्या बनवायला ते वापरू नये. शांतपणे पत्रकं वाटणाऱ्या मुलीने काहीही केलेलं नाही.

६.३०

जुन्या शहरात मीठ घातलेला चहा, दहा मिनिटं. कॅमेरा बंद. जेवण, स्वच्छतागृह, घरचा फोन, यात कुणी डोकावायचं कारण नाही. पोलिसाचाही खासगीपणा असतो.

रात्री ८.१०

वापसी. कॅमेरा डॉकमध्ये जातो, चित्रण आपोआप उतरतं. दीवानजीला ते पुसण्याचा, कापण्याचा अधिकार नको, मुंशीलाही नको. टीआईंनी (म्हणजे ठाण्याच्या प्रमुखांनी) ते पाहिलं तर कुणी, कधी, का पाहिलं याची आपोआप नोंद व्हावी. बळ वापरलं असेल त्या दिवशी आधी आपल्या आठवणीने अहवाल लिहायचा आणि मगच चित्रण बघायचं. उलट क्रम लावला, तर माणूस कॅमेऱ्याला शोभेल असं लिहितो.

आणि साठवायचं किती दिवस? परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण दीड वर्ष, ते जमत नसेल तर किमान एक वर्ष ठेवायला सांगितलं. कोठडीबाहेरच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याला जो नियम, तोच रस्त्यावरच्या छातीवरच्या कॅमेऱ्यालाही असावा. आणि ज्याला मार बसला, त्याला ते मागता यावं. माहिती अधिकारात ‘तपासात अडथळा’ हे कारण सहज पुढे केलं जातं. पण जीविताशी आणि स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत देण्याचं बंधनही त्याच कायद्यात आहे. बॉडी कॅमेऱ्याच्या नियमांत त्याचा नावानिशी उल्लेख हवा.

८.४०

यंत्राने आजच्या चित्रणात खंड दाखवला आहे. ११.३४पासून अठ्ठावीस मिनिटं: कारण कॅमेऱ्यातच बोललेलं आहे. ५.१२ ते ५.१५: कारण नाही. दीवानजीला लिहावं लागतं. तो लिहितो: रेटारेटीत क्लिप सुटली, कॅमेरा खाली पडला, उचलून पुन्हा चालू केला.

हे खरं असेल. पण त्याच्या शब्दावर थांबायचं नाही, त्याच्यावर संशय घेऊनही बसायचं नाही. त्याच वेळी गाडीचा डॅशकॅम चौकाकडे तोंड करून चालू होता, शेजारच्या आरक्षकाच्या छातीवर दुसरा कॅमेरा होता. उद्या सकाळी टीआईंनी ती तीन मिनिटं दोन्हीकडून लावून बघायची. जुळलं तर नोंदीवर सही करायची. नाही जुळलं, तर त्या तीन मिनिटांची चौकशी ठाण्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडे जायची, त्यात कुणी तक्रार केलेली असो वा नसो.